देवळीची छावणी आणि घराघरांतले मौन

महाराष्ट्रातील जुन्या राजकीय कार्यकर्त्यांना देवळी हे नाव नवे नव्हते. वर्धा जिल्ह्यातील देवळी वेगळी आणि नाशिकजवळची देवळाली वेगळी. ही देवळी राजस्थानातील टोंक जिल्ह्यातली. तिकडचे लोक तिला देवली म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने तेथील छावणीत राजकीय कैद्यांना विनाचौकशी स्थानबद्ध करून ठेवले होते. श्रीपाद अमृत डांगे आणि बी. टी. रणदिवे हे मराठी पुढारी तेथे होते, जयप्रकाश नारायणही होते. १९४१ साली तेथील कैद्यांनी उपोषण आरंभले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष त्या ओसाड मुलखाकडे वळले. या कैद्यांची चरित्रे लिहिली गेली आणि त्यांच्या आठवणी छापल्या गेल्या. देवळीचा तुरुंगवास त्यांच्या नावापुढे एखाद्या पदवीसारखा शोभला.

त्याच छावणीत त्यानंतर एकवीस वर्षांनी, स्वतंत्र भारताच्या सरकारने सुमारे तीन हजार माणसे आणून ठेवली. त्यांत पुढारी नव्हते, क्रांतिकारक नव्हते. चहाच्या मळ्यांत राबणारे मजूर, सुतार, चर्मकार, दंतवैद्य, उपाहारगृहांचे मालक, त्यांच्या बायका, शाळकरी मुले, म्हाताऱ्या आज्या असे ते लोक होते. त्यांचा अपराध एकच: त्यांचे वडील, आजोबा किंवा पणजोबा कधी काळी चीनमधून आले होते. या लोकांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. जवळजवळ अर्धशतकभर त्यांनी स्वतःही फारसे काही सांगितले नाही. एकाच छावणीच्या या दोन आठवणींपैकी एक इतिहास झाली आणि दुसरी घराघरांत दडून राहिली, असे का व्हावे, हा प्रश्न आज विचारण्याची निकड आहे. कारण ज्यांना तो विचारायचा, ती पिढी आता झपाट्याने अस्तास जात आहे.

आजोबांचा अपराध

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने सीमेवर चढाई केली. २६ ऑक्टोबरला राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली. पाठोपाठ निघालेल्या वटहुकमांनी सरकारच्या हाती विलक्षण अधिकार आले. परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यात जो बदल झाला, तो विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिचे आईवडील वा आजी-आजोबा यांपैकी कोणीही, आक्रमण करणाऱ्या देशाचे कधीही नागरिक वा प्रजाजन असतील, तिच्यावर त्या कायद्याची बंधने लादता येऊ लागली. माणूस कोठे जन्मला, कोणती भाषा बोलतो, कोणाच्या घरी जावई झाला, याला अर्थ उरला नाही. त्यातच मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाला. ज्याच्यावर आरोपच ठेवलेला नाही, त्याने आपले निरपराधित्व सिद्ध करावे तरी कसे, आणि ते कोणापुढे?

हे लोक काल-परवा आलेले नव्हते. कलकत्त्याच्या दक्षिणेस हुगळीकाठी असलेले अचिपूर हे गाव अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या एका चिनी वसाहतकाराच्या नावाने ओळखले जाते. आसामात चहाची लागवड सुरू झाली, तेव्हा १८३० नंतरच्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने व मळेवाल्यांनी चिनी कारागीर मुद्दाम आणविले. त्यांच्या वंशजांनी माकुमसारख्या गावी स्थानिक स्त्रियांशी लग्ने केली, दुकाने थाटली. मुंबईतही माझगावच्या नवाब टँक भागात १९१९ साली उभारलेले चिनी मंदिर अद्याप उभे आहे. बंदरावर येणाऱ्या खलाशांमुळे तेथे एक लहानशी चिनी वस्ती होती. १९६२ नंतर ती विरत गेली.

नोव्हेंबर १९६२ मध्ये आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिंपाँग या भागांतून धरपकड सुरू झाली. काही कपडे, थोडे पैसे, चार-दोन भांडी एवढेच बरोबर घेण्यास मिळाले. थोड्या दिवसांत परत यायचे आहे, अशी कित्येकांची समजूत होती. मग खास आगगाडीने कित्येक दिवसांचा प्रवास करून त्यांना देवळीस नेण्यात आले. गाडीवर शत्रूची गाडी असल्याचे लिहिलेले होते आणि वाटेत काही स्थानकांवर जमावाने दगड व शेण फेकले, असे त्या प्रवासातील लोकांनी पुढे सांगितले आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या थंड, ओल्या हवेत वाढलेली ही माणसे राजस्थानच्या रुक्ष मैदानात, ब्रिटिशांच्या वेळच्या जुन्या बराकींत येऊन पडली.

१९६३ साली चीनने जहाजे पाठविली. देवळीतून आणि इतरत्र राहणाऱ्यांतून दीड हजारांहून अधिक लोक मद्रास बंदरातून चीनला गेले. त्यांपैकी अनेकांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. उरलेल्यांना टप्प्याटप्प्याने सोडण्यात आले. युद्ध २१ नोव्हेंबर १९६२ रोजी थांबले होते, परंतु देवळीतील अखेरचे स्थानबद्ध सुटण्यास १९६७ साल उजाडले. एका महिन्याच्या युद्धासाठी काही कुटुंबांनी साडेचार वर्षे छावणीत काढली. तेथे मुले जन्मली, वृद्ध माणसे तेथेच मरण पावली.

दोन तुरुंग, दोन आठवणी

सत्याग्रह्याने किंवा क्रांतिकारकाने आपला तुरुंग एका अर्थाने स्वतः निवडलेला असतो. आपण काय केले आणि त्याची किंमत काय, हे तो जाणतो. म्हणून तुरुंगातून आल्यावर तो ताठ मानेने त्याविषयी बोलू शकतो. समाजही त्याला हार घालतो. १९७५ च्या आणीबाणीत मिसाखाली स्थानबद्ध झालेल्यांना पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांनी मानधन देऊ केले, ते याच भावनेतून.

देवळीतील चिनी कुटुंबाने मात्र काहीच केलेले नव्हते आणि तेच त्याच्या आठवणीचे दुर्दैव ठरले. काही केले असते, तर ते सांगता आले असते, त्याचे समर्थन किंवा पश्चात्तापही करता आला असता. न केलेल्या अपराधाची शिक्षा भोगून आलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखी कथा नसते. उरतो तो फक्त अपमान. छावणीतून परतलेल्या अनेकांना आपले घर, दुकान, सामान दुसऱ्यांच्या हाती गेलेले दिसले. पोलिसांकडे हजेरी देण्याची, परवानगीवाचून गावाबाहेर न जाण्याची बंधने पुढेही काही काळ राहिली. शेजारी संशयाने पाहत. अशा वेळी आईबापांनी मुलांना एकच शिकवण दिली: गप्प राहा, मान खाली घालून काम करा. संधी मिळताच पुष्कळ कुटुंबे देश सोडून गेली. त्यांपैकी बरीच कॅनडातील टोरांटो शहरी स्थिरावली. तेथे ती आजही एकमेकांत हिंदी बोलतात, हा तपशील लहान असला तरी पुरेसा बोलका आहे.

या मौनाला आपण कधी कधी सहनशीलता म्हणतो, तर कधी विस्मरण. वस्तुतः ते दोन्ही नव्हे. विस्मरणात दुःख विरते. मौनात ते मुरते. वडील मध्यरात्री दारावरच्या थापेने दचकून का उठतात, आई एकही कागद का फेकून देत नाही, दुकानाच्या पाटीवर आपले खरे आडनाव का नाही, हे मुलांना कळत नाही. पण त्या भीतीचे वारसदार ती होतात. शरमेचे ओझे ज्याने वाहायचे त्याने ते वाहिले नाही, म्हणून ते घरातल्या घरात एका पिढीकडून दुसरीकडे जात राहते.

मॅन्झनारची वाट

हे मौन मोडता येते काय? अमेरिकेतील एक उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला. त्यान्वये पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरांतून उठवून दहा छावण्यांत डांबण्यात आले. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. कॅलिफोर्नियातील मॅन्झनार ही त्यांतलीच एक छावणी. युद्ध संपले, बराकी मोडल्या, लोक पांगले आणि त्यांनीही पंचवीस वर्षे तोंड उघडले नाही. महाविद्यालयात जाणाऱ्या नातवंडांना आपले आजी-आजोबा काटेरी तारांमागे राहिले होते, याचा पत्ताही नसे.

डिसेंबर १९६९ मध्ये सुमारे दीडशे माणसे मॅन्झनारच्या ओसाड जागी गेली. त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. स्थानबद्धांनीच १९४३ साली दफनभूमीत उभारलेला पांढरा स्तंभ तेथे शिल्लक होता. त्यांनी तेथे झाडलोट केली, मृतांना वंदन केले आणि दरवर्षी येण्याचा परिपाठ सुरू झाला. जागेवर गेल्यावर म्हातारी माणसे बोलू लागली: येथे आमची बराक होती, येथे भोजनगृहाबाहेर रांग लागे, या बाजूने धूळ येई. पुढे काँग्रेसने नेमलेल्या आयोगासमोर १९८१ साली साडेसातशेहून अधिक लोकांनी साक्षी दिल्या. कित्येकांच्या मुलांनी आपल्या आईबापांची हकिकत त्या सभागृहात प्रथमच ऐकली. आयोगाने असा निष्कर्ष काढला की ही स्थानबद्धता लष्करी गरजेपोटी नव्हती. ती वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश यांतून घडली. १९८८ साली अमेरिकेने कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. कॅनडानेही आपल्या जपानी वंशाच्या नागरिकांच्या बाबतीत त्याच वर्षी तसे केले. १९९२ साली मॅन्झनार राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाले.

पैशाने चार वर्षे परत मिळत नाहीत, हे उघड आहे. महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. आधी जागा, मग आठवण, मग साक्ष आणि शेवटी क्षमा असा तो क्रम होता. सरकार आधी क्षमा मागेल आणि मग लोक बोलतील, असे घडले नाही. नातवंडे आजीआजोबांना हात धरून त्या जागी घेऊन गेली, तेथून सारे सुरू झाले.

अशा जागेचे सामर्थ्य काय असते, हे महाराष्ट्राने अगदी निराळ्या संदर्भात पाहिले आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. ती बंदिवासाची छावणी नव्हती, आश्रयाची होती. तेथे बालपण घालविलेली माणसे वृद्धापकाळी पुन्हा पुन्हा कोल्हापुरास आली. त्यांच्या आठवणीचा स्तंभ महावीर उद्यानात आहे आणि २०१९ साली वळिवडे येथेही स्मारक उभे राहिले. आपण दिलेल्या आश्रयाची आठवण जपणे सोपे असते, कारण तिच्यात आपली प्रतिमा उजळ दिसते. खरी कसोटी दिलेल्या दुःखाची आठवण जपण्यात असते.

मोडू लागलेले मौन

आपल्याकडे हे मौन उशिरा का होईना, मोडू लागले आहे. आसामी लेखिका रीता चौधुरी यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘माकाम’ या कादंबरीने माकुमच्या चिनी वस्तीची वाताहत आसामी वाचकांसमोर आणली. लहानपणी देवळीत राहिलेल्या यिन मार्श यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. रफीक इलियास यांनी त्यावर अनुबोधपट केला. २०२० साली जॉय मा आणि दिलीप डिसूझा यांचे ‘द देवलीवालाज’ हे पुस्तक निघाले; जॉय मा यांचा जन्मच देवळीच्या छावणीत झाला. कॅनडातील माजी स्थानबद्धांनी संघटना स्थापिली. २०१७ साली त्यांच्यापैकी काही जण क्षमेची मागणी करणारे पत्र घेऊन ओटावा येथील भारतीय उच्चायुक्तालयापर्यंत गेले. भारत सरकारने आजवर या स्थानबद्धतेबद्दल दिलगिरी व्यक्त केलेली नाही.

मूळ छावणीची जागा आज केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्राच्या ताब्यात आहे. मॅन्झनारला कोणीही जाऊ शकतो. देवळीस येणाऱ्या वृद्ध माणसाला मात्र फाटकावर परवानगीचा प्रश्न येतो. आपल्या बालपणाच्या जागी जाण्यासाठी पहाऱ्यातून वाट काढावी लागणे, हे त्याच्या नशिबी दुसऱ्यांदा येते.

आक्षेप आणि उत्तर

येथे काही वाचक म्हणतील की १९६२ साली सीमेवर जवान गोठत आणि मरत होते. अशा वेळी सरकारने सावधगिरी बाळगू नये काय? जरूर बाळगावी. युद्धकाळी हेरगिरीचा संशय असलेल्या व्यक्तीची चौकशी करणे, तिला अटक करणे, तिच्यावर खटला चालविणे, हे कोणत्याही सरकारचे कर्तव्यच होय. परंतु व्यक्तीवरचा संशय आणि वंशावरचा संशय यांत फरक आहे. पहिल्यात पुरावा लागतो, दुसऱ्यात नुसता चेहरा पुरतो. ज्या व्यवस्थेत सत्तर वर्षांची आजी आणि तिचा पाच वर्षांचा नातू एकाच यादीत येतात, तिला सावधगिरी म्हणता येत नाही. आणि युद्ध संपल्यावर चार वर्षे माणसे अडकवून ठेवण्यात तर राष्ट्ररक्षणाचा प्रश्नच उरत नाही.

या प्रकरणातील दुःखद विसंगती अशी की, ज्या पंतप्रधानांच्या कारकिर्दीत हे घडले, ते जवाहरलाल नेहरू स्वतः १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात खटल्यावाचून स्थानबद्ध होते. विनाचौकशी बंदिवास म्हणजे काय, हे त्यांच्याइतके थोड्यांना ठाऊक असेल. एवढा अनुभव असलेल्या नेतृत्वाच्या हातूनही हे घडू शकते, यावरून एकच बोध घ्यायचा: भीतीच्या काळात नेत्यांच्या सद्भावनेवर विसंबून चालत नाही, कायद्यातच मर्यादा हव्यात. देवळीची आठवण जपणे हे कोणाला दोष देत बसण्यासाठी नाही, तर या बोधासाठी आवश्यक आहे. हा प्रश्न गतकाळाचा नाही. शत्रुमालमत्तेच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, वारस भारताचा नागरिक असला तरी ‘शत्रू’ ठरलेल्या पूर्वजाच्या मालमत्तेवर त्याला हक्क सांगता येत नाही. पूर्वजावरून वंशजाचे स्थान ठरविण्याची रीत अजून कायद्यातून गेलेली नाही.

करावयाचे काम

सरकारला करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. देवळीच्या फाटकाजवळ, तेथे कोण, केव्हा आणि का ठेवले गेले हे सांगणारा एक शिलालेख असावा. त्यावर १९४१ चे राजकीय कैदी, महायुद्धात सिंगापूर-मलायाकडून आणलेले जपानी नागरिक आणि १९६२ ची चिनी कुटुंबे या सर्वांचा उल्लेख असावा. वर्षातील काही दिवस माजी स्थानबद्धांना व त्यांच्या वंशजांना आत जाऊ द्यावे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली, पंचवीस वर्षांहून जुने, जतनयोग्य कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जावयाचे असतात. स्थानबद्धांच्या याद्या, हुकूम, मृत्यूच्या नोंदी त्या नियमाने अभ्यासकांस व कुटुंबांस उपलब्ध व्हाव्यात. आपले आजोबा कोणत्या हुकमाने नेले गेले, एवढे जाणण्याचा हक्क नातवाला असला पाहिजे.

परंतु सरकारची वाट पाहत बसण्याइतका अवधी आता राहिलेला नाही. १९६२ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. तेव्हाचे प्रौढ बहुतेक गेले. म्हणून पहिले काम घरातच व्हायचे आहे आणि ते शिक्षकांच्या व विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसून त्यांची हकिकत त्यांच्याच भाषेत टिपून घ्यावी. ती भाषा हिंदी असो, नेपाळी असो, आसामी असो की हाक्का. ‘तुम्हाला काय वाटले?’ असे विचारल्यास माणसे गप्प होतात. ‘गाडीत बसताना हातात काय होते?’ असे विचारले की बोलू लागतात. जुन्या छायाचित्रांच्या मागे नावे व साल लिहून ठेवावे. सुटकेचा कागद, पोलिसांची हजेरीवही, छावणीतून आलेले पत्र यांच्या प्रती काढून एकीहून अधिक ठिकाणी ठेवाव्यात. एकाच घरातील दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर त्यांपैकी एकीला खोटी ठरविण्याची घाई करू नये. मुलाला छावणीतले सवंगडी आठवतील आणि आईला अर्धेकच्चा भात. दोन्ही खरे असते.

हे काम फक्त चिनी वंशाच्या कुटुंबांचे, असेही कोणी समजू नये. महाराष्ट्रात फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांच्या, धरणांखाली गावे गेलेल्या विस्थापितांच्या आणि ब्रह्मदेशातून पायी परतलेल्या लोकांच्या घरीही असेच न सांगितलेले काही पडून आहे. ते टिपण्याची सवय ज्या समाजाला लागते, त्याला दुसऱ्याचे मौनही ऐकू येऊ लागते.

राष्ट्राचा इतिहास विजयांच्या आणि हुतात्म्यांच्या आठवणींवर उभा राहतो, हे खरेच. पण त्याची सचोटी ठरते ती, ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांच्या आठवणींना त्यात जागा मिळाली की नाही यावरून. देवळीने डांग्यांना आणि जयप्रकाशांना इतिहासात स्थान दिले. माकुमच्या सुताराला आणि त्याच्या मुलीला तेवढेच द्यायचे राहिले आहे. ते देण्यास त्या मुलीच्या हयातीतली थोडीच वर्षे आता उरली आहेत.